चेक इंजिनचा दिवा आणि घरच्या घरी स्पार्क प्लग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. स्पार्क प्लग म्हणजे इंधन पेटवणारी ठिणगी पाडणारा भाग. सोसायटीतल्या आणि नात्यातल्या गाड्यांचे दिवे बघता बघता तेच ते प्रश्न इतक्या वेळा आले, की उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. दिवा लागला की लगेच सुटा भाग विकत आणू नका. दोष कुठल्या सिलिंडरमध्ये (इंजिनात इंधन जळतं ती जागा, गॅसची टाकी नव्हे) आहे आणि भाग इकडचा तिकडे केल्यावर तो दोषही जागा बदलतो का, हे आधी बघा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलाय. गाडी चालवू की थांबवू?

दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय, ते आधी बघा. स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल आणि दुसरा कुठला लाल दिवा नसेल, तर घरी जाता येतं. दोन-चार दिवसांत तपासून घ्या, महिनोन्‌महिने ढकलू नका.

लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नाहीये, ज्याला गॅरेजमध्ये ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात, आणि ते मोठ्या प्रमाणावर होतंय असा त्याचा अर्थ. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. त्या उष्णतेने आतली जाळी वितळू शकते. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, त्यामुळे दोनशे रुपयांच्या प्लगसाठी केलेली चालढकल काही हजारांत जाते. अॅक्सिलरेटर सोडा, वेग कमी करा, बाजूला घ्या. गाडी खूप हिसके देत असेल तर ओढून नेलेली बरी.

आणि लाल दिवे?

लाल म्हणजे आत्ता थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती.

तेलाच्या झारीचा लाल दिवा सगळ्यात गंभीर. तो तेलाची पातळी दाखवत नाही, तेलाचा दाब दाखवतो. ‘घर दोन किलोमीटरवर आहे, हळू नेतो’ असं म्हणून अनेकांनी इंजिन जाम करून घेतलंय. चालू गाडीत तो लागला की बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढून तेल बघा. तेल पुरेसं असूनही दिवा जात नसेल तर पुन्हा स्टार्ट करू नका.

थर्मामीटरचा लाल दिवा म्हणजे इंजिन तापलंय. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. सकाळी थोडा वेळ निळा दिवा दिसतो, तो इंजिन थंड असल्याचा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळत्या पाण्याने तोंड भाजतं.

बॅटरीचा दिवा चालू गाडीत लागला तर बहुतेक वेळा दोष बॅटरीत नसतो, अल्टरनेटरमध्ये (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा त्याच्या पट्ट्यात असतो. बॅटरीत साठलेलं संपेपर्यंतच गाडी चालेल. एसी आणि म्युझिक बंद करा आणि थेट गॅरेज गाठा.

माझ्या गाडीत पिवळ्या स्प्रिंगसारखा दिवा लागतो. तो प्लगचाच का?

गाडी डिझेल आहे. तो ग्लो प्लगचा दिवा, थंड इंजिनात हवा तापवण्यासाठी असतो. डिझेलमध्ये ठिणगी नसते, हवा दाबून तापते आणि इंधन आपोआप पेट घेतं. या पानावरचं स्पार्क प्लगचं काही तुमच्या गाडीला लागू नाही.

किल्ली फिरवली की सगळे दिवे लागतात आणि स्टार्ट केल्यावर जातात. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे, आणि जुनी गाडी घेताना फार उपयोगाचंही आहे. किल्ली ‘ऑन’वर ठेवून स्टार्ट न करता बघा, चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर कुणीतरी तो झाकलाय किंवा काढून टाकलाय असं समजा. विकणारा ‘या गाडीला कधीच दिवा लागला नाही’ म्हणत असेल तर ही तपासणी त्याच्यासमोरच करा.

कोड घरी वाचता येतो का?

येतो. दोष आढळला की गाडीचा कॉम्प्युटर त्याचा ठरावीक क्रमांक साठवतो, तोच कोड. आपल्याकडे भारत स्टेज ४ (धुराच्या प्रदूषणाचे नियम, म्हणजेच बीएस ४) च्या चारचाकींना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची पद्धत, बंधनकारक झालं. त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली, साधारण गुडघ्याजवळ, १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा रीडर मिळतो आणि फोनमधल्या अॅपवर कोड दिसतो. स्वस्त रीडर कधी जोडले जातात, कधी नाही, पण इंजिनाचे साधे कोड वाचायला ते पुरतात. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे मात्र त्यांना बहुधा वाचता येत नाहीत.

बीएस ६ दुचाकींनाही निदानाचं सॉकेट असतं, पण अनेकींत ते सहा पिनांचं. त्यासाठी वेगळी जोडवायर घ्यावी लागते.

कोड दिसला की आधी फोटो काढा. ‘फ्रीझ फ्रेम’ असेल तर तीही उघडा. दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, ते किती तापलं होतं, गाडीचा वेग किती होता, हे त्यात असतं. घाईघाईत कोड पुसून टाकला की हा पुरावाही जातो.

पी०३०१ आला. म्हणजे प्लग गेला ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसे याच समजुतीत वाया जातात.

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, एवढंच. शेवटचा आकडा सिलिंडरचा: पी०३०२ दुसरा, पी०३०३ तिसरा. पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही, सगळीकडे विखुरलेलं आहे. कोड घराचा पत्ता सांगतो, घरात आजारी कोण ते सांगत नाही. त्या घरात प्लग आहे, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉईल आहे, इंधन फवारणारा इंजेक्टर आहे, व्हॉल्व्ह आहेत, त्यांच्या वायरी आहेत.

हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं कसं, तेही समजून घ्या. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, एक ढकल मिळते. क्रँकजवळचा सेन्सर चाकावरचे दात मोजतो. एखादी ढकल चुकली की तेवढ्यापुरती चाल मंदावते, आणि त्या वेळी कुणाची पाळी होती ते कॉम्प्युटरला माहीत असतं. म्हणजे ठिणगी पडली की नाही हे तो बघत नाही. तो फक्त ढकल मोजतो. ढकल का मिळाली नाही, ते शोधणं आपलं काम.

नेहमी दिसणारे आणखी दोन कोड. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. इथे प्लगआधी एअर फिल्टरनंतरचा रबरी पाइप आणि व्हॅक्यूमच्या नळ्या तपासा, कुठे चीर पडून हवा शिरतेय का. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर कॉम्प्युटर आधीच इंधन वाढवून देत असतो. त्यात बारीकशी गळती असली की त्याची मर्यादा लवकर संपते. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. त्याच्या जोडीला मिसिंगचा कोड असेल तर आधी मिसिंग दुरुस्त करा, कन्व्हर्टरचं नंतर बघा.

इंटरनेटवर ‘पेट्रोलचं झाकण घट्ट करा, दिवा जाईल’ असा सल्ला सगळीकडे दिसतो. तो अमेरिकेतल्या गाड्यांचा आहे. तिथे टाकीतून वाफ गळते का ते गाडी स्वतः तपासते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती तपासणी नसते.

मग प्लग की कॉईल, हे कसं ओळखायचं?

अदलाबदल करून. माझ्याच गाडीचं सांगतो.

आमची तीन सिलिंडरची पेट्रोल-सीएनजी गाडी खंबाटकी घाट चढताना हिसके द्यायला लागली. दिवा लुकलुकला. पेट्रोलवर टाकली तर गाडी शांत. साताऱ्यात पोचल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली. कोड निघाला पी०३०२, आणि तिन्ही कॉईल, तिन्ही प्लग बदला असं सांगितलं गेलं. मी तसाच निघालो आणि पेट्रोलवर सावकाश चालवत पुण्याला आलो.

दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना दुसऱ्या सिलिंडरची कॉईल पहिल्यावर लावली, पहिल्याची दुसऱ्यावर. कोड पुसला, सीएनजीवर टाकून चढावर फिरवून आणली. पुन्हा पी०३०२. म्हणजे कॉईल हलली, पण दोष जागचा हलला नाही. कॉईल निर्दोष. मग दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात टाकला, तिसऱ्याचा दुसऱ्यात. आता कोड आला पी०३०३. दोष प्लगबरोबर सरकला होता. तो प्लग उजेडात धरून फिरवला तेव्हा पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी चीर दिसली. काम प्लगमध्येच भागलं. त्याच कॉईलवर गाडी अजून धावते आहे.

म्हणून क्रम हा ठेवा. आधी कॉईल सरकवा, कारण ती एका बोल्टवर निघते. दोष सरकला तर कॉईल खराब. नाही सरकला तर प्लग सरकवा. दोन्ही सरकवूनही कोड त्याच सिलिंडरला चिकटून राहिला, तर कॉईलकडे जाणारी वायर, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब धरला जातो का ते, तपासावं लागेल. कॉम्प्रेशनसाठी मात्र गॅरेज गाठा.

सिलिंडर मोजायची बाजूही नीट समजून घ्या. बहुतेक इंजिनांत पहिला सिलिंडर पट्ट्याच्या किंवा चेनच्या बाजूचा असतो. रेनॉच्या बऱ्याच इंजिनांत मोजणी उलटी, गिअरबॉक्सच्या बाजूने आहे.

पेट्रोलवर ठीक, सीएनजीवरच मिसिंग. असं का?

गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगचं टोक झिजून ठिणगी पडते ती दोन टोकांमधली फट वाढली, किंवा कॉईल किंचित अशक्त झाली, तर पेट्रोलवर ते झाकलं जातं आणि सीएनजीवर उघडं पडतं. म्हणून सीएनजीवाल्यांनी प्लग मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या आधीच काढून बघावेत. मुंबई-पुण्यात रोज शंभर किलोमीटर सीएनजीवर धावणाऱ्या गाडीत तर हे आवर्जून करा. कारण कधी गॅस फिल्टर किंवा रेग्युलेटरमध्येही असतं, पण प्लग बघणं सगळ्यात सोपं. गॅसच्या नळीला, व्हॉल्व्हला, रेग्युलेटरला मात्र घरी हात लावू नका.

पाऊस सुरू झाला की मिसिंग सुरू होतं. प्लग बदलू का?

आधी कॉईल काढून विहिरीत बघा. प्लग ज्या खोल भोकात बसतो त्याला मी विहीर म्हणतो. बोनेट उघडून इंजिन धुतलं असेल किंवा काउलच्या, म्हणजे समोरच्या काचेच्या पायथ्याच्या, जाळीतून पाणी ठिबकत असेल, तर ते तिथे साठतं आणि ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी बाजूच्या धातूकडे पळते. पाणी टिपून, हवा मारून वाळवा. कॉईलच्या रबरी नळीवर बारीक पांढुरकी किंवा काळी रेघ दिसली तर ठिणगीने तिथे वाट पाडलीय. ती नळी बदलावीच लागते.

विहिरीत पाण्याऐवजी तेल असेल तर वरच्या टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा विहिरीचं रबर सील गेलंय. ते न बदलता नवे प्लग टाकले तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

आणि उंदीर. पावसाळ्यात त्यांना कोरडी, ऊबदार जागा बोनेटखाली मिळते. इंजेक्टर आणि कॉईलच्या बारीक वायरी ते आधी कुरतडतात. टॉर्च घेऊन वायरिंगवरून सावकाश नजर फिरवा. लेंड्या, पालापाचोळा, कापसाचे पुंजके दिसले तर प्लगची चौकशी नंतर करा.

प्लग किती किलोमीटरला बदलायचे?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेच खरं. ढोबळमानाने साधे निकेल टोकाचे प्लग चारचाकीत २० ते ४० हजार किलोमीटर जातात, इरिडियम एक लाखाच्या आसपास. दुचाकीचं इंजिन जास्त फेऱ्यांवर चालतं, तिथे हा आकडा बराच कमी. इरिडियमने गाडी पळायला लागते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याचा खरा फायदा टिकाऊपणाचा आहे.

दुकानदार म्हणतो, ‘हा पण बसतो.’ घेऊ का?

‘बसतो’ यावर घेऊ नका. आटे जुळले तरी तीन गोष्टी चुकू शकतात.

पहिली, आट्यांची लांबी. लांब प्लग पिस्टनला लागू शकतो. आखूड असला तर हेडमधले (प्लग ज्यात बसतो तो इंजिनाचा वरचा भाग) रिकामे आटे काजळीने भरतात आणि पुढच्या वेळी बरोबर प्लग आत जात नाही. दुसरी, हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता हेडला किती लवकर देतो. इथे मोठी गफलत होते. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एका कंपनीचा आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा घेतला की उलटंच होतं. तिसरी, रेझिस्टर. नावात ‘आर’ असलेला प्लग रेडिओला आणि कॉम्प्युटरला होणारी खरखर अडवतो. इंजेक्शनच्या गाडीत तो हवाच.

उदाहरण म्हणून एनजीकेचं बीपीआर६ईएस हे नाव फोडून बघा. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे पुढे आलेलं टोक, आर म्हणजे रेझिस्टर, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबी. नावाच्या शेवटी -९ किंवा -११ असेल तर ती फट, ०.९ किंवा १.१ मिलिमीटर. जुने मिस्त्री अजून ‘मायकोचा प्लग’ मागतात. मायको म्हणजे बॉशचीच भारतातली कंपनी, २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. मिस्त्रींनी मायको सांगितला असेल तर बॉशचा क्रमांक बघायचा.

नकली प्लग भरपूर फिरतात. छपाई पुसट, आटे खरबरीत, इरिडियमचं म्हणून दिलेलं टोक जाड, भाव अर्धा, असं काही दिसलं तर परत करा. पक्कं बिल घ्या, वॉरंटीसाठीही ते लागतं.

घरी काय काय हत्यारं लागतील?

प्लगपाना किंवा प्लगचं सॉकेट, आत रबर किंवा चुंबक असलेलं (हल्ली बहुतेक ठिकाणी १६ मिलिमीटर, जुन्या इंजिनांत २१, काहींत १४). विहिरीच्या खोलीएवढं एक्स्टेन्शन, रॅचेट, कॉईलच्या बोल्टसाठी १० चं सॉकेट, फट मोजायला फिलर गेज, टॉर्च. विहिरीतली धूळ उडवायला सायकलचा पंप उत्तम चालतो. एक वीतभर रबरी पेट्रोल पाइपचा तुकडा ठेवा, तो कशाला ते पुढे येतंच. किती जोराने आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना असला तर छानच.

प्लग बदलायची पद्धत सांगा.

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्री लावलेल्या गाडीचे प्लग सकाळी काढा. हेड अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना त्याचे आटे नरम पडतात आणि पोलादी प्लगबरोबर सोलून बाहेर येतात. घाई करून मी एकदा हे नुकसान ओढवून घेतलंय, आणि तेव्हापासून सकाळशिवाय प्लगला हात लावत नाही.

किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. वरचं प्लॅस्टिक कव्हर, आणि आड येत असेल तर एअर फिल्टरचा डबा काढा. हवेचा पाइप उघडा राहिला तर त्यात स्वच्छ फडकं कोंबा, आणि शेवटी ते काढायला विसरू नका.

एका वेळी एकच सिलिंडर घ्या. कॉईलच्या कनेक्टरची कळ दाबून तो ओढा. वायर धरून ओढू नका, जुनं प्लॅस्टिक ठिसूळ असतं. बोल्ट काढा, कॉईल डावी-उजवी फिरवत सरळ वर घ्या. जुन्या गाडीत प्लगच्या केबली असतील तर रबरी टोपीला धरून काढा. मग प्लग काढण्याआधी विहिरीत पंपाने हवा मारा. हे टाळलं तर सगळी माती-खडे सिलिंडरमध्ये पडतात.

आता पाना बसवून डावीकडे फिरवा. सुरुवातीला एक टक्‌ असा आवाज होऊन प्लग मोकळा होतो. निम्म्यावर अडला तर जोर करू नका. थोडा परत आत फिरवा, गंजावरचं तेल दोन थेंब सोडा, थांबा, पुन्हा पुढे-मागे करा.

काढलेल्या प्लगवर चिकटपट्टी लावून सिलिंडरचा क्रमांक लिहा.

नवा प्लग रबरी पाइपच्या तुकड्यात खोचा आणि पाइपच्या टोकाला धरून विहिरीत सोडा. आधी उलटा फिरवा, आटे एका जागी ‘टप’ करून खाली बसल्याचं बोटांना कळतं. मग सुलटा फिरवा. आटे वाकडे लागले तर रबर हातातच घसरतं आणि प्लग थांबतो. पान्याने सुरुवात केली तर तो वाकडाच घुसतो. शेवटपर्यंत हातानेच बसला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळण्याला.

कॉईल सरळ खाली दाबून बसवा, बोल्ट हलक्या हाताने आवळा, कनेक्टर ‘कट्‌’ वाजेपर्यंत दाबा. मग पुढचा सिलिंडर.

किती आवळायचा?

१४ मिलिमीटरच्या वॉशर असलेल्या प्लगला अॅल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०, आणि दुचाकीतल्या १० मिलिमीटरला १० ते १२. टॉर्क पाना नसेल तर घड्याळ डोळ्यांसमोर आणा. हाताने बसल्यावर नवा वॉशरवाला प्लग बारावरून सहा ते आठपर्यंत फिरवायचा, कारण वॉशर चेपायचा असतो. तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर बारावरून फक्त एकपर्यंत. वॉशर नसलेला, उतरत्या बैठकीचा प्लग एकपर्यंतही नाही, बारा ते एक या अंतराचा पाऊण भागच. खोक्यावर वेगळं दिलं असेल तर ते पाळा.

सैल राहिला तर तिथून गॅस गळतो, प्लगची उष्णता हेडला जात नाही आणि तो तापून खराब होतो. जास्त आवळला तर आटे जातात.

आट्यांना ग्रीस लावू नका. चांगल्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो. ग्रीस लावलं की हात तेवढाच पडतो, पण प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. रबरी टोपीच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट फिरवलं तर चालतं.

नव्या प्लगची फट बघायची का?

बघायची. खोक्यात पडझड झालेली असू शकते. चारचाकीत बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. निकेल प्लगला बाहेरचं वाकडं टोक हलकेच दाबून जुळवता येतं. मधल्या टोकाला धक्का लावायचा नाही. इरिडियमचं मधलं टोक केसाएवढं नाजूक असतं, त्यात नाण्यासारखं गेज सरकवलं तर मोडतं. फट नसली जुळत तर प्लग बदलून आणा. आणि हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका, आतली चीर बाहेरून दिसत नाही.

काढलेल्या प्लगच्या रंगावरून काय समजतं?

बरंच काही, पण एका प्लगवरून नाही. सगळे शेजारी शेजारी ओळीने मांडा.

सगळे चहाच्या किंवा राखाडी रंगाचे असतील तर इंजिन सुखी आहे. सगळे कोरडे काळे, काजळी धरलेले असतील तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा गाडी रोज दोन किलोमीटरच चालतेय आणि कधी नीट तापतच नाही. एकच काळा आणि बाकी चांगले, तर त्याच सिलिंडरची ठिणगी किंवा इंजेक्टर बघा. ओलसर, तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल आत येतंय, पिस्टन रिंगमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून. पांढराफटक, टोकावर बुडबुडे आलेला प्लग धोक्याचा: इंधन कमी, इंजिन जास्त तापतंय किंवा प्लग चुकीच्या हीट रेंजचा. असा प्लग दिसला तर नवा टाकून विषय संपवू नका, कारण शोधा.

चिनी मातीवर, धातूच्या कडेला लागून एक तपकिरी कडं दिसतं. त्याला बघून ‘गॅस गळतोय’ म्हणणारे भेटतात. ते उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलकण चिकटून आलेलं असतं आणि त्याने काही बिघडत नाही.

पॉलिश पेपर मारून जुनाच प्लग चालेल ना?

रस्त्यात अडकला असाल तर साधा प्लग पुसून घरी पोचा. कायमचा इलाज म्हणून नाही. झिजून गोल झालेली कड पेपर मारून परत येत नाही, आणि घासलेल्या चिनी मातीवर मळ आणखी लवकर बसतो. इरिडियमला तर पेपर लावूच नका.

केबल काढून ठिणगी पडते का बघतात, तसं करू का?

नका करू. कॉईलमधून वीस-तीस हजार व्होल्ट बाहेर पडतात. उघड्या ठिणगीने पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते, आणि ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर कॉईल किंवा कॉम्प्युटर जळतो. कोड आणि अदलाबदल यांतून तेच उत्तर सुरक्षितपणे मिळतं.

पल्सरला नवा प्लग टाकला तरी फरक नाही.

दोन्ही बदललेत का? डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग असतात, आणि एनएस २०० मध्ये तीन. समोर दिसणारा एक बदलून गाडी परत दिली जाते आणि आडबाजूचा वर्षानुवर्षं तसाच राहतो.

आटे गेले. आता?

थांबा. दुसरा प्लग रेटून बघू नका. लेथवाल्याकडे किंवा चांगल्या इंजिन मिस्त्रीकडे हेलिकॉइल, म्हणजे आट्यांची स्प्रिंग, बसवून मिळते. बऱ्याचदा हेड न उतरवता हे होतं, पण धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडू न देण्याची काळजी त्यांना घ्यायला सांगा.

प्लग बदलले, गाडी मस्त चालतेय, पण दिवा तसाच आहे.

जुना कोड साठलेला आहे. रीडरने पुसा, किंवा तसंच चालवा: सलग तीन फेऱ्यांत (स्टार्ट करून, चालवून बंद केली की एक फेरी) दोष दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो. मिसिंगचा साधा दोषही दिवा लावण्याआधी दोन फेऱ्या तपासला जातो, म्हणून कोड पुसून एक चक्कर मारली आणि लागला नाही म्हणजे काम झालं असं धरू नका. तीन-चार दिवस बघा, त्यात एकदा चढ आणि सीएनजी दोन्ही येऊ द्या. अॅपमध्ये ‘पेंडिंग’ कोड दिसतो का, तेही पाहा. दिवा लागायच्या आधी दोष तिथे दिसतो.

कुठली गाडी घरी उघडू नये?

ज्यात प्लग इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा देणाऱ्या पाइपांच्या, खाली दडलेत ती. काही व्ही-सहा इंजिनांत अर्धे प्लग तसे असतात, आणि नवी गॅस्केट हाताशी नसतील तर काम अर्ध्यावर अडतं. स्ट्राँग हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्हीवर चालणाऱ्या) गाडीत इंजिन बंद दिसलं तरी डॅशबोर्डवर ‘रेडी’ लागलेलं असेल तर ते आपणहून सुरू होतं. जास्त दाबाची वीज वाहणाऱ्या केशरी केबलींना हात लावायचा नाही, आणि कंपनीची कार्यपद्धती माहीत नसेल तर गाडी उघडायचीच नाही. वॉरंटीतल्या गाडीचे प्लग सर्व्हिसमध्येच बदलून घ्या.

जुने प्लग टाकून देऊ?

लगेच नाही. क्रमांक लिहिलेले तसेच पिशवीत पाचशे किलोमीटर ठेवा. दोष परत आला तर मिस्त्री आधी तेच बघायला मागेल. नंतर त्यातला सगळ्यात चांगला एक, प्लगपान्यासकट, डिकीत राहू द्या.